भरती, ओहोटी आणि खाजकुयली

पावसाळा सरून थंडीची पहिली चाहूल लागली म्हणजे मालवणच्या आसपासच्या पाणंदींतून, जांभ्या दगडांच्या गडग्यांवर ज्या अनेक वेली एकमेकींच्या अंगावर रेलून सुकू लागतात, त्यांतील एका वेलीच्या वाटेला मनुष्य काय, गुरेही सहसा जात नाहीत. तिच्या शेंगा नागमोडी वळलेल्या, तांबूस करड्या मखमलीने मढवल्यासारख्या देखण्या. परंतु त्या मखमलीचा एक कण जरी अंगाला लागला तरी मनुष्य खाजवून खाजवून बेजार होतो, आणि म्हणूनच शाळेतल्या नावडत्या सोबत्याच्या बाकावर ती कुसे पसरून ठेवण्याचा उद्योग कोकणातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केलेला आहे. ही खाजकुयली. आपल्या प्राचीन वैद्यांनी तिला कपिकच्छू म्हटले, म्हणजे वानरालाही खाज आणणारी, आणि त्याहून सुंदर असे दुसरे नाव दिले ते आत्मगुप्ता, म्हणजे आपले रक्षण आपणच करणारी. जिचे रक्षण ती इतक्या निकराने करते, त्या बीमध्ये कोणते धन आहे याची रुजुवात होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९३७ साली मद्रासच्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा नावाचे द्रव्य वेगळे काढले. त्यापूर्वी चोवीस वर्षे, १९१३ साली, ते युरोपात एका जातीच्या घेवड्यातून निघालेले होते. परंतु त्याचा उपयोग काय, हे दोन्ही वेळा कोणास सांगता आले नाही. औषध हाती होते आणि ते कोणत्या रोगावर द्यावयाचे याचा पत्ता नव्हता, असा हा विलक्षण मामला जवळजवळ अर्धशतक तसाच पडून राहिला.

रोग तर त्याहून जुना होता. १८१७ साली जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या एका वैद्याने सहा रोग्यांची कैफियत एका छोट्या पुस्तकात लिहून ठेवली, आणि त्यांतले काही रोगी त्याने केवळ रस्त्यातून चालताना पाहिले होते. हात निवांत मांडीवर ठेवला असता होणारा कंप, पुढे झुकलेले अंग, चालता चालता आपोआप वाढणारी पावलांची घाई ही लक्षणे वाटेच्या कडेला उभे राहूनही ओळखता येतात, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. आपल्याकडे याच प्रकारच्या विकारास कंपवात म्हणण्याचा प्रघात आहे आणि कोकणातही तोच शब्द चालतो, पण कंप हा या रोगाचा सर्वांत दिखाऊ भाग असला तरी सर्वांत पीडादायक नव्हे. अंग जखडणे, हालचाल मंदावणे, अक्षर बारीक होत जाणे, चेहऱ्यावरचे भाव निमणे ही त्याची खरी वसुली. घ्राणशक्ती तर पुष्कळदा कंपाच्या कित्येक वर्षे आधीच जाते. ज्या किनाऱ्यावर सकाळी उठल्याबरोबर सुकत घातलेल्या मासळीचा वास प्रथम नाकात शिरतो, त्या किनाऱ्यावर एखाद्या मनुष्याला तो वास येईनासा होतो आणि ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

या रोगाचे मूळ आणि गडग्यावरच्या वेलीतले द्रव्य यांची गाठ पडली ती दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीच्या मध्यस्थीने, आणि या इतिहासातला मला सर्वाधिक मोह घालणारा भाग हाच आहे. सर्पगंधा ही सह्याद्रीच्या ओलसर रानांतही आढळणारी लहानशी वनस्पती. तिच्या मुळीचा उपयोग आपले वैद्य उन्मादावर आणि निद्रानाशावर फार पूर्वीपासून करीत आले. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर या मुळीचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे तिच्याकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि लवकरच ते जगभर रोग्यांच्या पोटात जाऊ लागले. त्यांतल्या काहींचे अंग जखडू लागले, चेहरे निर्विकार झाले. जणू पार्किन्सनने वर्णिलेला रोगच औषधाच्या बाटलीतून बाहेर आला. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले, ससे कान पाडून निश्चल पडले, आणि मग त्यांना डोपा, म्हणजे लेव्होडोपाच्याच घराण्यातले द्रव्य, टोचताच थोड्याच वेळात ते पूर्ववत हिंडूफिरू लागले. मेंदूत डोपामिन नावाचे एक संदेशवाहक रसायन असते, सर्पगंधेने त्याचा साठा रिता होतो आणि डोपाने तो पुन्हा भरतो, हा या प्रयोगमालिकेचा इत्यर्थ. कार्लसन यांना त्याबद्दल २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एका वनस्पतीने कुलूप घालावे आणि दुसरीने ते उघडावे, आणि दोन्ही आपल्याच मातीतल्या असाव्यात, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे; मात्र कुलूप व किल्ली यांचा परस्परसंबंध हेरणारी दृष्टी त्या वेळी दुसरीकडे होती, हेही त्याच प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पुढचा क्रम भराभर घडला. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी १९६० साली पार्किन्सनच्या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले आणि त्यांच्या ठराविक भागांत डोपामिनचा दुष्काळ पडल्याचे दाखवले. दुसऱ्याच वर्षी आपले सहकारी बिर्कमायर यांच्यासह त्यांनी लेव्होडोपाची टोचणी देऊन अंथरुणास खिळलेल्यांना काही घटका उभे केले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तेच द्रव्य तोंडावाटे, अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवीत देण्याची युक्ती काढली. तेव्हापासून आजतागायत पार्किन्सनच्या लक्षणांवर लेव्होडोपाहून सरस गोळी निघालेली नाही.

डोपामिनच थेट का देत नाहीत, असा प्रश्न कोणीही सुज्ञ वाचक विचारील. मेंदूच्या सरहद्दीवर निसर्गाने एक कडक जकातनाका बसवला आहे. रक्तातून येणाऱ्या बहुतेक परक्या पदार्थांना तेथे मज्जाव असतो, आणि डोपामिनपाशीही त्या नाक्यावरचा परवाना नाही. लेव्होडोपापाशी तो आहे, कारण त्याचा चेहरामोहरा अन्नातील प्रथिनांच्या घटकांसारखा असल्याने नाकेदार त्याला त्यांच्याच रांगेतून आत सोडतो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. अडचण अशी, की वाटेतच शरीरातली इतर विकरे लेव्होडोपाची लूट करून त्याचे बाहेरच डोपामिन करून टाकतात. मग मेंदूला थोडेच पोचते आणि रोग्याला मात्र मळमळ व वांत्या सुटतात. म्हणून त्याच्याबरोबर कार्बिडोपा नावाचा एक रखवालदार देण्याची तजवीज झाली. तो स्वतः नाका ओलांडत नाही, पण वाटेवरची लूट थांबवतो, आणि त्यायोगे लेव्होडोपाची मात्रा सुमारे चतुर्थांशावर आणता येते. औषधाच्या दुकानात जी पिवळी वा निळी गोळी मिळते ती या जोडगोळीचीच असते, आणि तिच्यावरचा ११० हा आकडा म्हणजे शंभर मिलिग्रॅम लेव्होडोपा व दहा मिलिग्रॅम कार्बिडोपा यांची बेरीज.

याच नाक्याशी मालवणी जेवणाचा एक तपशील निगडित आहे, आणि शहरातल्या डॉक्टरांकडून गर्दीच्या दिवशी तो सांगावयाचा राहून जातो. बांगड्याचे तिखले अथवा सुरमईचे कालवण भातावर ओतून मनुष्य तृप्तीने जेवतो, तेव्हा मासळीतल्या प्रथिनांचे घटक रक्तात उतरून त्याच नाक्यावर, त्याच रांगेत गर्दी करतात. जेवणाबरोबर घेतलेली लेव्होडोपाची गोळी त्या गर्दीत मागे पडते आणि रोगी तक्रार करतो, की सकाळची गोळी लागू पडते, दुपारची पडत नाही. गोळी तीच असते, रांग निराळी असते. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर गोळी घ्यावी, म्हणजे ती नाका ओलांडून गेल्यावर मागून मासळी खुशाल यावी. सकाळी उकड्या तांदळाची पेज घेण्याची आपली जुनी चाल या बाबतीत अनायासे सोयीची ठरते, कारण पेजेत प्रथिने अल्पच. परंतु म्हणून मासे सोडण्याचा अघोरी उपाय कोणी करू नये. आधीच झडत चाललेल्या स्नायूंना प्रथिने हवीतच, आणि मालवणी मनुष्याचे मासे तोडून त्याला आयुष्य वाढवून देण्यात कोणाचे हित साधले जाते हे मला तरी उमगत नाही. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाशी पटवून घेत नाहीत. त्या दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे.

मग गडग्यावरची बी दळून का घेऊ नये? हा प्रश्न मला दर दिवाळीला कोणी ना कोणी विचारतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. मुंबईत डॉक्टर अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांचाही समावेश होता, १९७८ साली कपिकच्छूच्या बियांचा पार्किन्सनवर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००४ साली लंडनमध्ये आठ रोग्यांवर झालेल्या एका लहानशा पण काटेकोर परीक्षणात तर बियांच्या चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला. तेव्हा बी निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. पण तिच्यातले लेव्होडोपाचे प्रमाण वेलीवेलीनुसार आणि जमिनीजमिनीनुसार बदलते. चमच्याने मोजून घेतलेल्या चूर्णात आज शंभर तर उद्या तीनशे मिलिग्रॅम येतील, आणि जो आधीच गोळी घेत आहे त्याने वर हे चूर्ण घेतले तर अंग वेडेवाकडे वळवळू लागणे, नाही ते डोळ्यांपुढे दिसणे, उभे राहताच रक्तदाब कोसळणे, हे सगळे त्या अज्ञात बेरजेतून उद्भवू शकते. जुने वैद्यही बी कच्ची देत नसत. दुधात उकळून, साल काढून तिचे शोधन करीत. ज्याला ती घ्यावयाची असेल त्याने ती डॉक्टरांना सांगून घ्यावी. लपवून घेतलेले औषध कोणाच्याही हिशेबात बसत नाही, आणि या रोगात सारा व्यवहार हिशेबाचाच आहे.

तो हिशेब वर्षागणिक अवघड होत जातो. आरंभीची काही वर्षे दिवसाकाठी तीन गोळ्यांवर सुखात जातात, कारण मेंदूतल्या उरल्यासुरल्या पेशी आलेले डोपामिन साठवून बेताबेताने खर्चतात. पुढे ती कोठारेच मोडतात आणि मनुष्य रोजच्या मजुरीवर जगू लागतो. लेव्होडोपाचे रक्तातले प्रमाण सुमारे दीड तासात निम्मे होते, त्यामुळे गोळीचा अंमल असेपर्यंत मनुष्य हिंडतो, उतरला की जखडतो. मग डॉक्टर मात्रा लहान व फेऱ्या अधिक करतात, किंवा सोबत दुसरी औषधे जोडतात. प्रॅमिपेक्सोल व रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी. रासाजिलिन व एन्टाकॅपोन ही डोपामिन वा लेव्होडोपा यांचा ऱ्हास लांबवणारी. अमँटाडिन हे मुळात फ्ल्यूवरचे, पण १९६८ साली एका पार्किन्सनच्या बाईला फ्ल्यूसाठी दिले असता तिचा कंप कमी झाल्याने या खात्यात बदली होऊन आलेले. नक्कल करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांच्या कानावर घातलीच पाहिजे: आयुष्यभर काटकसरीने राहिलेला मनुष्य त्यांच्या अमलाखाली एकाएकी जुगार वा उधळपट्टी करू लागतो, आणि घरातले त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करीत बसतात, तेव्हा दोष गोळीचा असू शकतो. पाऊल उंबरठ्यापाशी खिळणे आणि तोल जाणे यांवर मात्र कोणत्याच गोळीची फारशी मात्रा चालत नाही. आपल्या जुन्या घरांचे उंच उंबरठे त्यात भर घालतात. त्यांच्यापुढे खडूने आडव्या रेघा ओढल्या, तर पावलाला ओलांडावयास काही दिसते आणि ते पुष्कळदा उचलते.

कंपवातासारखाच म्हातारपणी गाठणारा दुसरा रोग म्हणजे विसराचा, अल्झायमर. त्याचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या आलॉइस अल्झायमर यांनी फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ साली आलेल्या ऑगस्ट डी. या एकावन्न वर्षांच्या स्त्रीला तिचे नाव लिहावयास सांगितले असता तिला ते पुरे करता आले नव्हते. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूत त्यांना विचित्र पुटे व गुंतवळे आढळली. आपल्याकडे या विकाराची वाट ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने अडवून धरली आहे. म्हातारचळ म्हटले की विषय मिटतो, किंवा काही बाधा समजून देवळात गाऱ्हाणे घातले जाते. आणि गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा आईला तिसऱ्यांदा आपल्या पगाराचे विचारताना ऐकतो तेव्हा कोठे कोणास शंका येते. भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे असा अलीकडचा मोठा अंदाज सांगतो, तेव्हा ही एकाच घराची कथा नव्हे. त्यातही प्रथम थायरॉइड व जीवनसत्त्व बी-१२ यांची तपासणी व्हावी, कारण त्यांच्या उणिवेने आलेला विसर भरून निघू शकतो.

अल्झायमरमध्ये ओहोटी लागते ती मुख्यतः ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या संदेशवाहकाला. त्याला मोडणाऱ्या विकराचा हात धरून ठेवावा आणि आहे ते अधिक वेळ टिकवावे, हे १९९६ साली अमेरिकेत परवानगी मिळालेल्या डोनेपेझिलचे, आणि त्यामागून आलेल्या रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन यांचे तत्त्व. यांतले गॅलँटामिन पूर्व युरोपातल्या हिमफुलांच्या कांद्यातून प्रथम मिळाले. त्या मुलखातली गडग्यावरची वेल म्हणावयाची. रोग बराच पुढे गेल्यावर मेमँटिन देतात, ते ग्लुटामेट या तिसऱ्या रसायनाचा अतिरेक आवरते. या साऱ्यांचा गुण किती, याविषयी मी वाचकाला फसवणार नाही. काहींच्या बाबतीत सहा महिने, वर्षभर घसरण थबकल्यासारखी होते. आई आणखी काही काळ स्वतःची वेणी घालते, सुनेला नावाने हाक मारते. काहींच्या बाबतीत काहीच घडत नाही. रोगाचे मूळ या गोळ्या खणीत नाहीत. मेंदूतली पुटे उपसणारी लेकॅनेमॅबसारखी टोचणी २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता पावली, पण तिच्याने अगदी आरंभीच्या रोग्यांत घसरण थोडी मंदावते इतकेच, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वरचेवर एमआरआय करावा लागतो. ओरोस, बांबोळी अथवा मुंबई यांपैकी कोठे तरी गाडी करून गेल्याविना ज्याला मज्जाविकारतज्ज्ञ भेटत नाही, त्याच्यासाठी ती अद्याप दूरची वार्ता आहे.

डोनेपेझिल शरीरातून निम्मे उतरण्यास सुमारे सत्तर तास लागतात. म्हणून ते दिवसातून एकदा पुरते, आणि एखाद्या दिवशी राहून गेले तर आकाश कोसळत नाही; उलट लेव्होडोपाची फेरी तासभर चुकली तर मनुष्य खुर्चीतून उठू शकत नाही, आणि ते एकाएकी पुरते बंद केले तर तीव्र ज्वर येऊन प्राणावर बेतू शकते. हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना पार्किन्सनच्या रोग्याने आपल्या गोळ्या व त्यांच्या वेळा यांचा कागद खिशात ठेवावा, तो याचसाठी. डोनेपेझिलचा धोका निराळ्या ठिकाणी असतो. ते नाडी मंद करते. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी आधीच चालू असेल तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते, म्हणून आरंभी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. स्वप्ने भयानक पडू लागली तर रात्रीची गोळी सकाळी घ्यावी.

याच ॲसिटिलकोलीनच्या संदर्भात आता धोतऱ्याविषयी. १५६३ साली गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात धोतरा खाऊ घालून माणसाचे भान हरपवणाऱ्या चोरांची हकीकत आली आहे. धोतऱ्याने भान जाते ते ॲसिटिलकोलीनचा आवाज बंद पडल्यामुळे, आणि त्याच जातीच्या द्रव्यांचा उपयोग एकोणिसाव्या शतकात पॅरिसला मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या रुग्णालयात पार्किन्सनच्या कंपावर होत असे, कारण डोपामिनचे पारडे हलके झाले असता दुसऱ्या पारड्यातले थोडे काढून घेतले तर तराजू काहीसा सम होतो. ट्रायहेक्सीफेनिडिल ही त्याच घराण्यातली कृत्रिम गोळी अद्याप स्वस्त मिळते, आणि तरुण रोग्यांच्या कंपावर तिचा गुणही येतो. पण सत्तरीच्या माणसाला ती दिली की स्मृती गढुळते. एकाच घरात आजोबांना कंपवात आणि आजीला विसर असेल, तर एकाच्या डब्यातली गोळी दुसऱ्याला विषासारखी ठरेल. सर्दीवरच्या कित्येक साध्या गोळ्यांतही हाच धोतऱ्याचा गुण असतो. आणि चक्कर आली म्हणून महिनोन्‌महिने चालवलेली सिनारिझिन, वांतीवरची मेटोक्लोप्रमाइड, रात्री आजोबा बडबडतात म्हणून दिलेले हॅलोपेरिडॉल, ही तिन्ही डोपामिनच्या वाटेत उभी राहून आहे तो कंपवात वाढवतात किंवा नसलेला निर्माण करतात. अशा किती म्हाताऱ्यांचा रोग केवळ एक गोळी थांबवल्याने उतरला असेल! नवी गोळी लिहून घेण्यापूर्वी जुन्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून दाखवाव्यात. माझ्या मते या दोन्ही रोगांतली ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

दांडीच्या किनाऱ्यावर राहणारे एक वृद्ध तांडेल माझ्या परिचयाचे आहेत. रापणीचे दोर ओढण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या उजव्या अंगठ्याला आठ वर्षांपूर्वी कंप सुटला, आणि आता त्यांच्या गोळ्यांच्या दिवसातून पाच फेऱ्या असतात. डॉक्टर त्या अमलाला इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. तांडेलांनी ते शब्द पहिल्याच दिवशी बदलून टाकले. त्यांच्या ओटीवरच्या भिंतीला सुनेने कागद चिकटवला आहे, त्यावर गोळ्यांच्या वेळा आहेत आणि खाली भरती व ओहोटी असे दोन रकाने. परवा दुपारी मी गेलो तेव्हा समुद्र आत गेलेला होता, होड्या वाळूवर कलंडल्या होत्या, आणि तांडेल भिंतीला टेकून, मांडीवर जाळे व हातात विणण्याची सुई घेऊन निश्चल बसले होते. सुनेने आतून विचारले, “आबा, गोळी घेतलास काय?” त्यांनी मान हलवली. पावणेचारची गोळी घेऊन वीस मिनिटे झाली होती. माझ्याकडे न पाहता, त्या थरथरणाऱ्या अंगठ्यावर नजर ठेवून ते म्हणाले, “अजून भरती येवक नाय. वायच बसा.”

मी बसलो. थोड्या वेळाने अंगठा थांबला, आणि सुई जाळ्याच्या पहिल्या घरातून पार गेली.